साडेचौदा टक्के ओलावा

जूनचा दुसरा आठवडा उजाडला तरी त्या वर्षी वळीव काही कॅन्ससचा पिच्छा सोडेना. गहू पिकून उभा, आणि रोज दुपारी चारच्या ठोक्याला पश्चिमेकडून ढग हजर! अशाच एका दुपारी गावच्या धान्यकोठाराच्या ऑफिसात ॲडिना श्राग घाईघाईनं खिडक्या लावत होती. तेवढ्यात दार ढकलून एक उंच तरुण आत शिरला. नखशिखांत भिजलेला. त्यानं डोक्यावरची टोपी काढून पिळली... आणि सगळं पाणी तिच्या नुकत्याच पुसलेल्या फरशीवर.

"अहो, हा काय गोठा आहे?"

"माफ करा हं. बाहेरच पिळणार होतो, पण बाहेर पाऊस आहे."

हसायचं नाही असं ठरवलं की नेमकं हसू फुटतं. ॲडिनाला फुटलं. तिथंच सगळं बिघडलं म्हणा, नाहीतर जमलं म्हणा.

त्याचं नाव आर्व्हिड. बापाच्या कापणीच्या टोळीबरोबर आलेला. टेक्ससपासून गहू जसजसा पिकत उत्तरेला सरकतो, तशा या टोळ्या हार्वेस्टर घेऊन त्याच्या मागोमाग जातात, थेट कॅनडाच्या हद्दीपर्यंत. आमच्या गावाच्या वाट्याला आठ दिवस, फार तर दहा. म्हणून तर आमच्याकडच्या आया पोरींना बजावतात, कापणीवाल्यांना जेवू घाला, पण जीव लावू नका!

पण पाऊस थांबेना, टोळी हलेना. ॲडिना रोज सकाळी रेडिओवरचा हवामानाचा अंदाज ऐकायची आणि कोठाराच्या दारावरच्या फळ्यावर खडूनं लिहायची. अख्खं गाव तो वाचून मगच यंत्रं बाहेर काढायचं. आर्व्हिड तर तिनं खडू खाली ठेवण्याआधीच हजर.

"तुझ्या ट्रकात रेडिओ नाही का रे?" चौथ्या दिवशी तिनं विचारलंच.

"आहे की. पण त्याचं अक्षर चांगलं नाही."

"चल, चावट कुठला!"

सगळं गाव पावसाला शिव्या घालत होतं, आणि ही बया मनातल्या मनात म्हणायची, अजून एक दिवस पड रे बाबा, अजून एकच... असं मागणं बरं नव्हे, हे तिलाही कळत होतं. पण कळतं पण वळत नाही, अशी तिची गत.

नवव्या दिवशी रेडिओनं सांगितलं, वळवाची वादळं आता मागे पडली, पुढचे दहा दिवस कोरडे. फळा वाचून लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतरच्या तिसऱ्या दिवसापर्यंत टोळीनं उंचावरची दोन शेतं कापून मोकळी केली. उरलं फक्त मार्टाकाकूचं, ओढ्याकाठचं. ते झालं की टोळी उत्तरेला.

मार्टा उन्रूकाकू एकटी बाई. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली. गारांचा विमा कधी उतरवला नाही. देवावर भरवसा आहे म्हणायचं आणि विमा कसला काढायचा, असं तिचं म्हणणं.

त्या दिवशी दुपारी आर्व्हिड काकूच्या शेतातला गहू कॉफीच्या डब्यात घेऊन आला. आमच्याकडे आधी असा नमुना तपासतात. साडेतेरा टक्क्यांच्या वर ओलावा निघाला तर कोठार गहू घेत नाही, मग कापणीही थांबते. तपासायचं काम ॲडिनाचं.

आर्व्हिडनं दोन दाणे तोंडात टाकले नि चावले. त्याची नेहमीची सवय. तिनं नमुना यंत्रात ओतला. काटा थरथरला आणि तेरावर थांबला. तेराच्या किंचित पुढे, बस्स.

त्याच्या बाजूनं काटा दिसत नव्हता. आत्ता खरं सांगितलं तर संध्याकाळपर्यंत शेत कापून होणार, उद्या पहाटे हा गेलेला. आणि हवा तर दहा दिवस कोरडीच आहे... एका दिवसानं कुणाचं काय जातंय? सकाळच्या अंदाजात 'तुरळक ठिकाणी एखादं वादळ' असंही होतं. ते तिनं फळ्यावर लिहिलंच नव्हतं. जागा पुरली नव्हती, आणि तुरळक म्हणजे आपल्याकडे थोडंच!

"साडेचौदा," ती म्हणाली. "उद्या आणा."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं.

"साडेचौदा?"

"हो... साडेचौदा."

"बरं. मग आज संध्याकाळी मी मोकळा."

संध्याकाळी दोघं ओढ्याजवळच्या तळ्याच्या बांधावर बसली. तिनं घरून बिअरॉक आणले होते, कोबी आणि खिमा भरलेले पाव, अजून गरम. तीन खाऊन झाल्यावर तो म्हणाला, "आमच्या टोळीला स्वयंपाकाला माणूस हवंय."

"मग जाहिरात द्या."

"दिली असती. पण मला एकाच माणसाचे बिअरॉक आवडतात."

"मला काय नोकरी देतोयस?"

"नोकरी नव्हे गं... म्हणजे... कसं सांगू..."

तो सांगणार होता. पण तेवढ्यात वारा एकदम पडला. दोघांनीही वळून पश्चिमेकडे पाहिलं. ढगाचा रंग हिरवट झाला होता. तो रंग आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतो.

गारा वीस मिनिटं पडल्या. गावात पडल्या नाहीत, पलीकडच्या गावात पडल्या नाहीत. ओढ्याकाठच्या पट्ट्यात तेवढ्या पडल्या. दोघं पळत ट्रकात शिरली होती. टपावर ताशा बडवल्यासारखा आवाज, आणि आत ॲडिना दोन्ही हातांनी तोंड झाकून बसलेली. आर्व्हिड "अगं, थांबेल, थांबेल" म्हणत होता, ते तिला ऐकूच येत नव्हतं.

सकाळी शेत पाहिलं. एक ओंबी उभी नव्हती. दाणे चिखलात मिसळलेले.

"आर्व्हिड," ती म्हणाली. "काल काटा तेरावर होता. मी खोटं बोलले."

"माहीत होतं मला."

"काय?"

"दाणा दाताखाली कडकन फुटला होता. सहा वर्षं दाणे चावतोय मी, कळत नाही होय? दहा मैलांवर दुसरं कोठार आहे. गेलो असतो, तर शेत काल कापून झालं असतं. नाही गेलो." त्यानं टोपी काढली आणि हातात चुरगळली. "मलाही तो दिवस हवा होता. पण अगं वेडे, मागायचास ना! मी बापाशी भांडून दोन दिले असते."

ती रडली, अगदी हमसून रडली. मग दोघं काकूच्या पायरीवर जाऊन उभी राहिली. ॲडिनानं सगळं सांगितलं. "खोटं हिच्या एकटीचं नाही," आर्व्हिड म्हणाला.

मार्टाकाकू बराच वेळ एप्रनला हात पुसत राहिली. हात कोरडेच होते.

"गारा काही तू पाडल्या नाहीस, पोरी. पण आकडा तू सांगितलास. मी आज तुझ्यावर चिडणार आहे. उद्याही चिडेन. परवा ये."

कापायला शेतच उरलं नाही, तेव्हा टोळी त्याच दुपारी निघाली. एक दिवस वाढवून घ्यायला गेली, तर तोही पुरता मिळाला नाही!

ट्रक कोठारापाशी थांबला. इंजिन चालूच होतं.

"ये ना माझ्याबरोबर," तो म्हणाला. "काल हेच सांगत होतो."

तिच्या जिभेवर हो आलं होतं. पण त्याच्या तोंडाकडे पाहिलं की तिला ते झोपलेलं शेत दिसायचं. त्यालाही दिसत असणार, कारण तो तिच्या डोळ्यांत न बघता बोलत होता.

"काकूचं रान असं टाकून कशी येऊ रे? परवा बोलावलंय तिनं. रान नांगरायचंय, शरदात पुन्हा पेरायचंय..."

"आणि पुढच्या जूनमध्ये?"

"पुढच्या जूनमध्ये मी खरा आकडा सांगेन. तुला चालेल?"

त्यानं मान हलवली. हो की नाही, ते तिला आजवर कळलेलं नाही.

त्यानंतर दहा दिवस आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. अंदाज अगदी खरा ठरला, त्या तुरळक वादळासकट.

पुढच्या जूनमध्ये दुसरीच टोळी आली. काकूचं पीक त्या वर्षी चांगलं आलं होतं. नमुना घेऊन आलेल्या माणसापुढे ॲडिनानं यंत्र वळवून ठेवलं. आता ती ते नेहमी तसंच ठेवते, काटा गिऱ्हाइकाकडे.

"तुम्हीच बघा," ती म्हणाली.

"तेरा."

"तेरा," ती म्हणाली, आणि डब्यातला एक दाणा उचलून तिनं दाताखाली धरला. कडकन फुटला. कापणीला अगदी तयार होता.