परांडेकरांच्या घराला वळसा

हैदराबादेत विद्यापीठाच्या ग्रंथालयात तळमजल्याला, झेरॉक्सच्या दुकानाला लागून एक खोली आहे. दारावर ‘नकाशे व भू-माहिती सेवा’ अशी पाटी आहे. पाटी वाचून आत येणाऱ्यांपैकी निम्मे लोक झेरॉक्ससाठीच आलेले असतात. उरलेल्यांतला एक जण मागच्या वर्षी आपला प्लॉट तलावातून बाहेर काढून मागायला आला होता. फक्त नकाशात काढून द्या, म्हणाला, खऱ्या तलावाचं मी बघतो.

या खोलीत चिन्मय नोकरीला होता. पुण्याहून आलेला, एकटा राहणारा, आणि चेहरा असा की त्याने विनोद केला तरी लोक वहीत उतरवून घेत. समोरच्या टेबलावर उषा परांडेकर बसायच्या. सगळे त्यांना काकू म्हणत. जन्म, शाळा, लग्न, सगळं त्यांनी जामबागच्या दोन गल्ल्यांत उरकलं होतं. बोलणं मराठीत सुरू व्हायचं, दख्खनीत रंगायचं आणि राग आला की तेलुगूत संपायचं.

“काय मियाँ, घरी चहाला कधी येतोस?” त्या दर आठवड्याला विचारायच्या. “अंगणात गवती चहा माजलाय नुसता.”

“या रविवारी नक्की, काकू.”

“तुझा रविवार पंचांगात शोधावा लागतो रे.”

तो रविवार काही उगवला नाही. मग रस्ता रुंद करायचं ठरलं आणि परांडेकरांचं घर अंगणासकट गेलं. वसंतराव, म्हणजे काकूंचे यजमान, कोर्टातून निवृत्त झाल्यापासून ओसरीवर आरामखुर्चीत बसून असत. सामान हललं, दारं-खिडक्या निघाल्या, तरी ते बसून होते. शेवटी खुर्चीसकट त्यांना मुलाच्या कुकटपल्लीच्या फ्लॅटमध्ये नेलं. तिथे महिन्याभरात ते गेले. बाल्कनीचं सरकतं दार कसं उघडायचं ते त्यांना शेवटपर्यंत जमलं नाही. रोज ते ढकलून बघायचे, आणि ‘बंद आहे वाटतं’ म्हणून परत यायचे.

त्यानंतर काकूंनी चिन्मयला चहाला बोलावलं नाही. फ्लॅटला या असं कुणी म्हणतं का, असं एकदा म्हणाल्या, तेवढंच.

त्या वर्षी खोलीला एक मोठं काम मिळालं होतं. जुन्या बाजारांतून माणसं प्रत्यक्षात कशी चालतात त्याचा नकाशा करायचा. नियोजन शाखेची मुलं फोन चालू ठेवून सुलतान बाजार, बेगम बाजार, जामबाग असं भटकायची, आणि प्रत्येकाच्या चालण्याची एक बारीक निळी रेघ चिन्मयच्या पडद्यावर उमटायची. कुठे पाणीपुरीपाशी गाठ पडलेली, कुठे कुत्र्याला भिऊन उलटी फिरलेली. अशा हजारो रेघा एकावर एक पडल्या की शहर स्वतःहून उमटतं.

जामबागच्या नव्या रुंद रस्त्यावर मात्र मध्येच एक पांढरा डाग होता. सगळ्या रेघा सरळ यायच्या, एका जागी वळायच्या, वळसा घालून पुन्हा सरळ व्हायच्या. डागाला कोपरे होते.

चिन्मयला आधी खड्डा वाटला, मग उभी लॉरी. हैदराबादेत लॉरी महिनाभर एका जागी उभी राहू शकते, हे त्याला मान्य होतं. पण पायरी असलेली लॉरी त्याने पाहिली नव्हती. आणि डागाच्या पुढच्या बाजूला पायरीएवढा एक चौकोन बाहेर आलेला होता.

त्याने कपाटातला जुना भूमापनाचा नकाशा काढला, स्कॅन केला, आणि न हललेल्या जागा धरून, म्हणजे एक मशीद, एक विहीर, शाळेची भिंत, आजच्या रस्त्यावर पसरला. एका जुन्या घराच्या भिंती डागावर चपखल बसल्या.

मागे काकू केव्हा येऊन उभ्या राहिल्या ते त्याला कळलं नाही.

“पायरी चुकली,” त्या म्हणाल्या.

“कुठली?”

“जुन्या नकाशातली. ती पहिली पायरी. ती फुटल्यावर सासऱ्यांनी दुसरी बसवली. गवंडी पिऊन आला होता, ती डावीकडे झुकली.” त्यांनी पांढऱ्या डागावर बोट ठेवलं. “ही बराबर आहे.”

डागातली पायरी डावीकडे झुकलेली होती.

दुपारच्या सुट्टीत दोघं रिक्षाने गेले. ऊन होतं, बस होत्या, हारांच्या टोपल्या होत्या, ओल्या मोगऱ्याचा आणि डिझेलचा वास होता. घराच्या जागी डांबर होतं. मोकळं, गुळगुळीत. त्याच्यावरून बस आणि रिक्षा खुशाल जात होत्या. पायी चालणारी माणसं मात्र एका ठरावीक जागी खांदा जरासा तिरका करायची आणि बाजूने निघून जायची. कुणी खाली बघत नव्हतं. फोनवर भांडत चाललेला एक जण भांडण न थांबवता वळला. डोक्यावर गाठोडं घेतलेली बाई वळली, आणि वळताना वाकली. वर छप्पर असावं तशी.

“मी सरळ जाऊन दाखवतो,” चिन्मय म्हणाला. फोन चालू केला आणि नाकासमोर चालत पलीकडे गेला. तिथून हात हलवला. “गेलो ना सरळ?”

“वळलास रे,” काकू म्हणाल्या.

त्याने फोन बघितला. रेघ ओसरीला वळसा घालून गेली होती. त्याला मात्र सरळ चाललेलं स्वच्छ आठवत होतं.

काकू फुटपाथवरून खाली उतरल्या नाहीत. पर्सच्या आतल्या कप्प्यात बराच वेळ काही शोधलं आणि पर्स बंद केली.

“किल्ली दुसऱ्या पर्समध्ये राहिली,” त्या म्हणाल्या. परत येताना रिक्षात दोघांपैकी कुणीच हसलं नाही.

अडचण प्रमोद सरांची होती. ते विभागप्रमुख. काम शुक्रवारी प्रसिद्ध व्हायचं होतं, आणि त्याआधी रेघांची सफाई करायची पद्धत होती. फोन जागा दाखवायला थोडंफार चुकतातच, त्यामुळे वेड्यावाकड्या रेघा ओढून रस्त्याच्या मध्यावर बसवायच्या, आणि न बसणाऱ्या पुसून टाकायच्या. ते काम आपोआप करणारी आज्ञावली चिन्मयनेच लिहिली होती. तिचं नाव त्याने ‘झाडू’ ठेवलं होतं.

“हा डाग कसला?” सरांनी विचारलं. “मोकळ्या रस्त्यावर लोक वळतायत, असं दिसेल. झाडू मारा.”

सर गेल्यावर काकू चिन्मयच्या टेबलाशी आल्या. हातात फोन होता.

“हे चालू कसं करायचं? रेघ काढायचं?”

“काकू, तिथे काही नाहीये.”

“हौ, माहिती आहे मला.” त्यांनी फोन त्याच्यापुढे ठेवला. “एकदा पाडताना बघितलंय रे मी. तेव्हा यांना खुर्चीसकट बाहेर काढलं. मागं वळून बघू दिलं नाही मी त्यांना, उशीर होतोय म्हणाले मी. कसला उशीर होत होता? एकदा जाऊन येते. तोवर तुझा तो झाडू नक्को चालवूस.”

चिन्मयने त्यांच्यादेखत शुक्रवारची सफाई रद्द केली.

शुक्रवारी दुपारी त्या गेल्या. ठेवणीतली इरकल नेसल्या होत्या. चिन्मय पडद्यासमोर बसून त्यांची रेघ बघत होता. रेघ बसस्टॉपवरून निघाली, हारवाल्यांपाशी जरा थांबली, मग डागाकडे गेली. आणि वळली नाही.

पायरी. ओसरी. मग आत.

फोन वाजला.

“चिन्मय, किल्ली लागलीच नाही रे. दार उघडंच आहे.”

मागे रस्त्याचा आवाज नव्हता. एकही हॉर्न नाही. घड्याळाची टिकटिक होती, आणि लांबून पाणी भरल्याचा आवाज.

“काय दिसतंय, काकू?”

“सगळं मेलं तस्संच पडलंय. कणीकसुद्धा भिजवून ठेवलेली, वाळायला लागलीय.” मग आवाज खाली गेला. “हे ओसरीवर झोपलेत. उठवत नाही.”

पडद्यावर रेघ स्वयंपाकघराच्या जागी घुटमळत होती. तेवढ्यात तिच्या शेजारची एक निळी रेघ थरथरली आणि सरळ झाली. मग दुसरी. मग पाच-सहा एकदम.

चिन्मयला कळेना. सफाई तर त्याने रद्द केली होती.

रद्द केली होती ती त्याच्या संगणकावरची. गेल्या महिन्यात, आपण रजेवर असलो तरी काम अडू नये म्हणून, त्याने झाडूची एक प्रत, ठरल्या वेळी आपोआप चालेल अशी, मुख्य सर्व्हरवर चढवून ठेवली होती. हुशारीबद्दल सरांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली होती.

“काकू, बाहेर या. झाडू चालू झालाय.”

“आत्ता तर आले रे.”

“काकू, प्लीज.”

“येते, येते. चपला सापडेनात. इथंच काढल्या होत्या.”

सर्व्हरच्या खोलीची किल्ली प्रमोद सरांकडे होती. सरांचा फोन बंद होता.

मागची भिंत गेली. तिथून आता निळ्या रेघा सरळ जात होत्या.

“काकू, चपला राहू देत. तशाच या.”

“अरे, अनवाणी कशी येऊ डांबरावर?”

अंगण गेलं.

“काकू!”

“थांब जरा. हे उठलेत.”

मग फोनवर एक पुरुषाचा आवाज आला, झोपेतून उठलेला, जड. वसंतरावांचा आवाज चिन्मयने कधी ऐकला नव्हता, कारण तो चहाला कधी गेलाच नव्हता. त्यामुळे ओळखला असं म्हणता येणार नाही.

“कोण आहे गं?” आवाज म्हणाला. “चहाला थांबतोय का विचार.”

फोन बंद झाला. काकूंची रेघ कुठल्याच रस्त्यावर बसत नव्हती. झाडूने ती पुसून टाकली.

चिन्मय पोचला तेव्हा रस्ता वाहत होता. माणसं सरळ चालत होती. काकूंचा फोन दुभाजकावर पडलेला मिळाला, ओरखडासुद्धा नाही. काचेवर ओल्या कणकेचा अंगठा उमटलेला होता.

पोलीस आले. मुलगा आला. त्याने सगळ्या दवाखान्यांतून फेऱ्या मारल्या आणि शेवटी नकाशांच्या खोलीत येऊन बसला. आईच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत म्हणाला, “तुमच्या त्या नकाशात कुठे दिसतेय का हो आई?”

चिन्मय नाही म्हणाला. त्याच्या चेहऱ्याचा उपयोग आयुष्यात पहिल्यांदाच झाला.

पुढच्या सत्रात नव्या मुलांच्या नव्या रेघा आल्या. चिन्मयने त्या सफाई न करता उघडल्या. डाग गेला होता. घराच्या जागेवरून रेघा भरभरून जात होत्या. फक्त ओसरी होती तिथे दोन लहानसे पांढरे ठिपके राहिले होते. शेजारी शेजारी, खुर्चीएवढे. त्यांना माणसं वळसा घालत होती.

त्याच दुपारी तो जामबागला गेला. फोन चालू करून रस्ता सरळ ओलांडला, कुठेही न थांबता. पलीकडे पोचल्यावर मागे वळून बघितलं. काहीच नव्हतं. डोळे पुसले आणि बस पकडली.

परत येऊन त्याने आपली रेघ उघडली. ती रस्त्याच्या मध्यापर्यंत सरळ गेली होती. तिथे दोन ठिपक्यांच्या समोर तिची एक गाठ झाली होती, माणूस एका जागी बसून राहिला की होते तशी. आधण ठेवून, चहा होऊन, सावकाश पिऊन होईल, इतका वेळ ती तिथेच होती. मग पुढे पलीकडे गेली होती.

त्याने घड्याळ बघितलं. ऑफिस कधीच सुटून गेलं होतं.

जिभेला मघापासून गवती चहाची चव होती.