कचऱ्याच्या यादीतली लोकर

सोमवारी सकाळी ताई प्रयोगशाळेत शिरल्या, तर डीप फ्रीझरचं दार सताड उघडं होतं. आत बाईंच्या चाळीस कुप्या वितळून पडल्या होत्या.

प्रयोगशाळेच्या प्रमुख असलेल्या बाईंना देवाघरी जाऊन आठ महिने झाले होते. अकरा वर्षं रुग्णांच्या मागे फिरून त्यांनी रक्त जमवलं होतं आणि त्यातून ते पाण्यासारखे नितळ नमुने बनवले होते. एका जीवघेण्या आजाराची चाहूल लवकर देणारं प्रथिन त्यांत होतं. शनिवारी सगळ्यात शेवटी बाहेर पडल्या होत्या त्या ताई, यंत्र चालवणाऱ्या. साहजिकच खापर त्यांच्या डोक्यावर फुटलं. संचालकांनी शुक्रवारपर्यंत खुलासा मागितला.

नोकरी जाणार हे उघड होतं. त्यापेक्षा बाईंची जन्माची कमाई आपल्या हातून बुडाली, याने ताईंचा जीव तुटत होता. खोलीत पंपाची घरघर चाले आणि त्यातून बाईंचा रोजचा प्रश्न ऐकू येई, "दार लावलंस का गं?" बाईंच्या रिकाम्या खुर्चीकडे पाठ करून बसायचं ताईंना धाडस होईना.

बुधवारी सर आपल्या कुप्या घेऊन आले. सर म्हणजे बाईंचे पहिले विद्यार्थी आणि याच प्रयोगशाळेतले संशोधक. बाईंचं काम अर्धवट राहू नये म्हणून आपण यंदा नवे रुग्ण गाठले, असं ते डोळे पुसत सांगत होते.

ताईंनी कुप्या मास स्पेक्ट्रोमीटरवर लावल्या. हे यंत्र प्रथिनांचे तुकडे तोलतं आणि वजनावरून ती ओळखतं. बाईंचं प्रथिन ठळक उमटलं. खाली नेहमीची कचऱ्याची यादी होती: हाताळणाऱ्याची कातडी, केस, धूळ. संगणक ती आपोआप झाकून ठेवतो आणि कुणी तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. ताईंना मात्र ती उघडायची खोड होती. बाई त्यांना त्यावरून कचरेवाली म्हणून चिडवत.

त्यांनी यादी उघडली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. मेंढीचं केराटिन. म्हणजे लोकर.

बाईंच्या प्रत्येक नमुन्यात ती सापडायची. खोलीच्या गारठ्यात त्या बारा महिने तोच हिरवा स्वेटर घालत. लोकर गळते म्हणून ताई कुरकुरायच्या. बाईंचं उत्तर ठरलेलं, "राहू दे गं, थंडी वाजते." ताईंनी वळून पाहिलं. खुर्ची रिकामीच होती.

सरांचे जुने नमुने काढून पाहिले, त्यांत लोकरीचा मागमूस नव्हता. मग ताईंनी वितळलेली एक कुपी यंत्रावर लावली. आलेख सपाट आला. त्यांनी तो आणि सरांच्या कुप्यांची यादी, दोन्ही कागदावर छापून घेतलं.

शुक्रवारी संचालकांच्या खोलीत सरही होते. ताईंनी आधी दोन-तीन गोष्टी विचारायची परवानगी घेतली.

"सर, हे नमुने कधी बनवलेत?"

"बाई गेल्यावर. सांगितलं ना."

"लोकरीचं काही घालता?"

"छे. अंगावर चट्टे उठतात, तुम्हाला माहीत आहे."

"मग बाईंचा स्वेटर कधी घातलात?"

"मी कशाला घालू? तो त्यांच्या लेकीनं अंत्यसंस्काराच्या दिवशीच नेला."

ताईंनी दोन कागद संचालकांपुढे ठेवले.

"साहेब, स्वेटर आठ महिन्यांपूर्वी गेला, तरी सरांच्या कुप्यांत त्याची लोकर आहे. कारण त्या बाईंनी बनवल्यात. सरांनी झाकणं बदलली, चिठ्ठ्या बदलल्या, पण कचरा पाहिला नाही. आणि नमुना वितळला तर प्रथिनं नासतात, उडून जात नाहीत. तुकडे उरतातच. फ्रीझरमधल्या कुपीत नुसतं पाणी होतं. खऱ्या कुप्या काढून पाण्याच्या ठेवल्या आणि दार उघडं टाकलं. नासलेलं कोण तपासतं? किल्ली सरांकडेही आहे."

संचालकांनी उरलेल्या कुप्या तिथल्या तिथे मागवल्या.

"अकरा वर्षं मीही तिथेच होतो," सर शेवटी म्हणाले. "नाव मात्र त्यांचंच."

सर गेल्यावर संचालकांनी ताईंकडून खुलासा मागणारं पत्र फाडलं. अहवाल बाईंच्या नावानेच निघेल म्हणाले. तेवढी ती लोकर यादीतून काढून टाका, बरं दिसत नाही.

"राहू द्या, साहेब," ताई म्हणाल्या. "बाईंना थंडी वाजते."