चार रिकामे ग्लास

भिंतीवर एक खिळा. त्याच्याखाली, काळवंडलेल्या रंगात, एक वाटोळा पांढरा डाग.

दंतवैद्याच्या कपाळावर चिकटपट्टी.

लोकरीची टोपी. दिवस कडक उन्हाचा.

भावोजींचे नवे बूट, त्यातला डावा चावणारा.

ट्रेवर चार ग्लास, चारही रिकामे. ते मोजून समाधानाने मान हलवणारी एक बाई. तिच्या छातीवर बावीस वर्षं तोच पितळी बिल्ला.

ही बाई सकाळी दहा वाजता वहिनींच्या बाहेरच्या खोलीत बसली होती. चहा गार होत होता.

"गेलं म्हणजे कुठे गेलं?" भावोजींनी विचारलं.

"ते माहीत असतं तर मी इथे आले असते का?"

भावोजींनी आपल्या कपाची कड पुसली. वहिनींकडे अशील आलं की पहिला मूर्ख प्रश्न त्यांच्याच तोंडून निघायचा, हे गेली सहा वर्षं ठरलेलं होतं. वहिनी खाजगी तपास करत. त्यांचा नवरा, म्हणजे भावोजींचा थोरला भाऊ, घरात बसून शब्दकोडी सोडवी आणि दर वेळी म्हणे, "तू जा तिच्याबरोबर, तुझे पाय चांगले आहेत." पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेल्या माणसाचे पाय चांगले का असावेत, हे त्याने कधी सांगितलं नव्हतं.

बाई गाइड होती. शहराच्या जुन्या भागातल्या पाच पबांची ती पायी फेरी काढायची. प्रत्येक ठिकाणी अर्धा ग्लास बीअर आणि एक गोष्ट. तिसऱ्या पबात काउंटरमागे तांब्याचं, बीअर मोजायचं एक माप टांगलेलं असे. दोनशे वर्षांपूर्वीचं.

"मी ते उतरवते, दोन्ही हातांत धरून दाखवते, परत टांगते. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही आणि मीसुद्धा उलटं करायचं नाही. तळ नाजूक आहे, मालकांची सक्त ताकीद आहे. मग मालक कंदील घेतात आणि आम्ही सगळे ग्लास घेऊन तळघरात उतरतो."

"वर कोण राहतं?" वहिनींनी विचारलं.

"कुणीच नाही. पब पाचला उघडतो. पुढच्या दाराला आतून कडी असते. काल फेरीला चौघं होती. आम्ही वर आलो, निघालो, आणि अर्ध्या तासाने मालकांना नुसता खिळा दिसला." तिने कप बाजूला सारला. "वर सगळ्यांत आधी मी आले होते. अर्धं मिनिट एकटी होते. त्यामुळे चोर मी."

"आणि ती चौघं?"

"चौघंही खालीच होती. मी मोजते ना रोज. वर आल्यावर ट्रेवर चार रिकामे ग्लास होते."

वहिनी नुसतंच "हं" म्हणाल्या.

"आज पाच वाजता पबमालकांच्या संघाची बैठक आहे. तोवर माप मिळालं नाही तर माझा बिल्ला काढून घेणार. मला दुसरं काही येत नाही हो. या पाच भिंतींच्या गोष्टी येतात, बस."

"कालच्या चौघांना बोलवा," वहिनी उठल्या. "कालचीच फेरी, काल जशी झाली तशीच. पायी."

भावोजींनी बुटांकडे पाहिलं. "वहिनी, मी पीत नाही."

"मग हातात धरा."

पहिला पब

चौघं आली होती, पण खुशीने कुणीच नाही.

दंतवैद्य घड्याळ बघत होता. "पाच वाजता माझ्याकडे एक अक्कलदाढ येणार आहे. तिला काय सांगू, मी पबात आहे?"

दोन बहिणी होत्या. थोरली सत्तरीची, धाकटी अडुसष्टची, आणि थोरलीच्या लेखी धाकटी अजून सातच वर्षांची. दोघींच्याही कपाळावर टेंगूळ होतं. सगळे पिऊन कुठेतरी पडले असणार, असं भावोजींनी मनातल्या मनात नोंदवलं.

"हे बघा काय झालंय," थोरली कपाळ पुढे करून सांगू लागली, "काल त्या तिसऱ्या..."

"ताई, गुपित फोडू नका ना," गाइडने तिला अडवलं. "ही दोघं नवी आहेत. गंमत जाईल."

"गंमत!" दंतवैद्याने चिकटपट्टी चाचपली.

चौथे एक आजोबा होते. डोक्यावर लोकरीची टोपी, खांद्याला कापडी पिशवी, बोलणं अगदी बेताचं. काउंटरवर शेंगदाण्यांची पितळी वाटी होती. आजोबांनी तिच्यावर नखाने टिचकी मारली, कान लावला, शेंगदाणे ओंजळीत घेऊन वाटी उलटी करून पाहिली आणि परत ठेवली. स्वच्छतेचं वेड दिसतंय, असं भावोजींना वाटलं. ते स्वतः कपाच्या कडा पुसत, त्यामुळे त्यांना आजोबा आवडले.

"तुम्ही पूर्वी काय करत होता?" वहिनींनी आजोबांना विचारलं.

"दुरुस्त्या. आता हात थरथरतात. आता काही नाही."

"टोपी उकडत नाही?"

"वयाला ऊन पुरत नाही, बाई."

दुसरा पब

दगडी फरसबंदीवरून दुसऱ्या पबापर्यंत सातशे पावलं होती. भावोजींनी ती डाव्या टाचेने मोजली. वाटेत गाइड प्रत्येक कमानीपाशी थांबून काहीतरी सांगत होती. आवाज नेहमीचा होता, पण मधूनच ती वाक्य अर्धवट सोडून बिल्ल्याला हात लावत होती.

आत जाताच वहिनींनी दंतवैद्याला कोपऱ्यात घेतलं.

"तुम्हाला जुन्या वस्तूंची आवड आहे?"

"माझ्या दवाखान्यात जुने चिमटे आहेत, काचेच्या कपाटात. म्हणून मी चोर? बाई, मी तळघरात मालकांच्या शेजारी उभा होतो. कंदील माझ्या नाकाखाली होता. विचारा त्यांना."

"तुमच्या शेजारी कोण होतं?"

"अंधार होता! मला माझेच पाय दिसत नव्हते."

हाच तो, असं भावोजींनी ठरवून टाकलं. निर्दोष माणूस कंदिलाचा उल्लेख एवढ्या घाईने करत नाही.

थोरली बहीण विचारायच्या आधीच बोलली. "मी हिच्यावर नजर ठेवून असते. डॉक्टरांनी हिला सांगितलंय, एका ठिकाणी अर्धा ग्लास, वर एक घोट नाही. बाकी कोण कुठे होतं ते मला विचारू नका. मला हिच्यातूनच सवड नाही."

"ताई, मी लहान आहे का?"

"आहेस."

थोरली पर्समधून गोळी शोधायला वळली. तेवढ्यात धाकटी भावोजींकडे सरकली आणि त्यांच्या हातातल्या भरल्या ग्लासाकडे पाहून कुजबुजली, "तुम्ही घेणार नाही ना? मग द्या इकडे. वाया कशाला घालवायचं?"

भावोजी काही म्हणायच्या आत ग्लास रिकामा होऊन त्यांच्या हातात परत आला होता.

निघताना गाइडने ट्रेवरचे ग्लास मोजले. चार कालच्यांचे, पाचवा वहिनींचा, सहावा भावोजींचा. "सहाही रिकामे! चला, सगळे आहेत." मग भावोजींकडे वळून म्हणाली, "बघा, सवय लागते."

"मी प्यायलो नाहीये," भावोजी म्हणाले. पण त्यांच्याकडे लक्ष द्यायला कुणालाच वेळ नव्हता.

वहिनी मात्र दारात थबकल्या होत्या आणि त्या ट्रेकडे पाहून हसत होत्या. त्या हसल्या की भावोजी बुटांच्या नाड्या सैल करत. अजून चालायचंय, असा त्याचा अर्थ असे.

तिसरा पब

मालक आडवा माणूस होता, बोलण्यातही.

"मला नाटक नकोय. वस्तू हिच्या हातात होती, मग ती नाहीशी झाली. यात तपास कसला?"

"तळ नाजूक होता म्हणे," वहिनी म्हणाल्या.

"होता."

"तुम्ही कधी पाहिलाय?"

मालकाने कंदील पेटवायला घेतला.

"भावोजी, तुम्ही सगळ्यांबरोबर खाली जा," वहिनी खिळ्यासमोरच्या स्टुलावर बसल्या. "मी इथेच बसते."

"मी? या बुटांनी?"

"काल वर कुणी नव्हतं. आज मी आहे. एवढाच फरक हवाय मला."

आजोबा जागचे हलले नाहीत. पिशवी पोटाशी धरून ते म्हणाले, "मीही थांबतो वर."

"काल खाली गेला होतात ना? मग आजही जा," वहिनी गोड आवाजात म्हणाल्या.

मालक कंदील घेऊन पुढे झाला. मागोमाग दंतवैद्य, मग बहिणी, मग आजोबा, सगळ्यांच्या मागे भावोजी आणि शेवटी गाइड. जिना अरुंद आणि पायऱ्या घासून गेलेल्या. भावोजींना फक्त पुढच्यांच्या पाठी दिसत होत्या. दंतवैद्याची पाठ एका जागी वाकली. थोरलीची वाकली. धाकटीची वाकली. आजोबांची वाकली नाही.

ठक्.

"आई गं!" आजोबा टोपी धरून भिंतीला टेकले. त्यांना सावरायला भावोजी लगबगीने उतरले.

ठक्.

"शेवटच्या पायरीवर तुळई आहे," गाइड मागून म्हणाली. आज तिच्या आवाजात गंमत नव्हती. "मी कधीच आधी सांगत नाही. या फेरीची तीच खूण. एकदा आपटलं की माणूस जन्मभर विसरत नाही."

भावोजींनी कपाळ चोळलं. बूट, उन्हाची पायपीट, न प्यायलेल्या बीअरचं श्रेय, आणि आता हे. वहिनींशी लग्न दादाने केलं होतं. शिक्षा मात्र त्यांना होत होती.

वरून वहिनींचा आवाज आला. "झालं! या सगळे वर."

"मग चौथा पब?" गाइडने वर येत विचारलं.

"चौथ्याची गरज नाही."

भावोजी मटकन खुर्चीत बसले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना वहिनींचा खराखुरा आदर वाटला.

"किती वाजलेत?"

"पावणेचार," दंतवैद्य म्हणाला. "अक्कलदाढ..."

"पाचच मिनिटं." वहिनी उठून ट्रेपाशी गेल्या. "गाइडताई, तुम्ही माणसं मोजत नाही. बावीस वर्षं तुम्ही रिकामे ग्लास मोजताय. मघाशी भावोजींचा ग्लास रिकामा होता आणि तुम्ही त्यांना प्यायलेल्यात धरलंत. ते थेंबही प्यायले नव्हते."

"मी सांगत होतो," भावोजी म्हणाले.

"काल तळघरातून चार रिकामे ग्लास वर आले. त्यावरून चार माणसं खाली होती असं ठरत नाही. कुणीतरी दोन ग्लास नेलेले असू शकतात."

धाकटी छताकडे पाहू लागली.

"तू?" थोरली किंचाळली.

"त्यांनीच दिला! जिन्याच्या तोंडाशी म्हणाले, मला नको, तुम्ही घ्या. तुला कळलं असतं तर घरी नेऊन कोंडलं असतंस, म्हणून मी बोलले नाही."

"नुसतं तेवढ्यावर मी कुणाचं नाव घेतलं नसतं," वहिनी म्हणाल्या. "पण सकाळपासून बघतेय, कालच्या तिघांची कपाळं फुटलेली आणि चौथं टोपीखाली. एवढ्या उन्हात. म्हणून मी वर बसून कान लावला. जो काल उतरला असेल तो आज वाकेल. दोनदा ठक् झालं. एक भावोजी, ते इथे कधी आलेच नव्हते. दुसरा कोण?"

सगळे आजोबांकडे वळले. आजोबांनी टोपी काढली. कपाळावर एकच टेंगूळ होतं, ताजं, लालभडक.

"आपटतं हे ऐकलं होतं," ते म्हणाले. "पण कुठल्या पायरीला, ते कसं कळणार?"

त्यांनी पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेलं माप काढून काउंटरवर ठेवलं. गाइड खाली बसली. बिल्ला तिने मुठीत घट्ट धरला होता.

"दिसलं ना? पोलिसांना बोलवा!" मालक गरजला.

"बोलवा की," वहिनी म्हणाल्या. "पण आधी ते उलटं करा."

मालकाचा हात पुढे आला नाही.

"सकाळी यांनी वाटीवर टिचकी मारली, आवाज ऐकला, तळ पाहिला. भांडं विकत घेणारा माणूस कड बघतो, नक्षी बघतो. तळ बघतो भांडं घडवणारा, कारण त्याची खूण तिथे असते. आजोबा, तुम्ही तांबट ना?"

"चाळीस वर्षं." आजोबांनी माप उलटं केलं. तळ चांगला जाड होता, नाजूक मुळीच नव्हता. मधोमध छिन्नीने कोरलेली लहानशी चंद्रकोर होती. "मी चोवीस वर्षांचा होतो. एका पत्र्यातून, सांधा न देता केलेलं हे माझं पहिलं भांडं. यांच्या वडिलांनी सांगून करून घेतलं होतं. चंद्रकोर बायकोसाठी काढली, नवीन लग्न होतं. काल ही पोरगी म्हणाली, दोनशे वर्षांपूर्वीचे कारागीर काय हाताचे होते! खरं सांगतो, ऐकून राग यावा की आनंद व्हावा हेच कळेना."

"म्हणून चोरलंत?" दंतवैद्याने विचारलं.

"तळ बघायला जिन्याच्या दाराआड थांबलो, आणि सगळे वर आल्यावर मागून घोळक्यात मिसळलो. इथे उजेड नाही, डोळे गेलेत. घरी नेलं, बायकोच्या हातात दिलं. ती अंथरुणावर असते. तिने बोटाने चंद्रकोर चाचपली आणि म्हणाली, आता परत ठेवून या. तेच करायला आज आलो. तर ही बाई स्टुलावर ठाण मांडून!"

"माझा बिल्ला जात होता, आजोबा," गाइड म्हणाली. "तुमच्या एका चंद्रकोरीपायी."

"चुकलो, पोरी."

ती मालकाकडे वळली. "आणि तुम्ही? तुम्हाला माहीत होतं. बावीस वर्षं माझ्या तोंडून खोटं वदवून घेतलंत, आणि चोरही मलाच ठरवलंत?"

मालकाने काउंटरचा एकच कोपरा चार वेळा पुसला. "वडिलांनी सांगितलं होतं, कुणाला तळ दाखवू नकोस," तो शेवटी म्हणाला.

"पाचच्या बैठकीत तुम्ही स्वतः उभं राहून सांगाल, माप मिळालं आणि हिची चूक नव्हती," वहिनी म्हणाल्या. "नाहीतर मी येते तळ दाखवायला."

मालकाने मान डोलावली. दंतवैद्य निघून गेला. थोरली धाकटीला हाताला धरून बाहेर घेऊन गेली. दोघींची बोलणी कोपऱ्यापर्यंत ऐकू येत होती. भावोजींनी डावा बूट काढला आणि आता काही झालं तरी तो घालायचा नाही असं ठरवलं.

"उद्या या भिंतीपाशी मी काय सांगू?" गाइडने विचारलं.

मग तिने माप उचललं, खिळ्यापर्यंत नेलं, थांबली, आणि वळून ते आजोबांच्या थरथरत्या हातात दिलं. "तुम्हीच टांगा."

आदल्या दिवशी, तिसऱ्या पबात शिरता शिरता, आजोबांनी तिला विचारलं होतं की ते माप एकदा हातात घेऊन पाहता येईल का. आणि ती म्हणाली होती, नाही.