बिनकाचेची गाडी

"विल्फ गाडीवर असला की समोरच्या खोलीचे पडदे ओढू नकोस हं," एडिथआत्या निघता निघता म्हणाली होती. जिलियनने कप विसळत नुसतं 'हो' म्हटलं. त्या गावात दिवसाउजेडी पडदे ओढतात ते घरातलं कुणी वारलं तरच. म्हातारीला अपशकुनाची धास्ती असेल, एवढंच तिच्या मनात आलं.

विल्फ तिचा सासरा, आत्याचा भाऊ. हॅरोपच्या ट्रक-बसच्या कारखान्यात त्याची हयात चासी पोचवण्यात गेली. वाफेच्या गाड्यांपासून वर आलेला कारखाना. तिथे इंजिन, चाकं आणि लोखंडी सांगाडा जोडायचे, वरची बॉडी बांधायची ती दूर दुसऱ्या गावी. तोवर सांगाडा तसाच उघडा चालवत न्यायचा. ना टप, ना दार, ना समोर काच. लाकडी बाकड्यावर बसायचं, अंगात चामड्याचा कोट, डोळ्यांवर गॉगल, आणि पुढे डोंगरातला वारा. मग कारखाना आधी दुसऱ्यांच्या हाती गेला, नंतर बंदच पडला.

विल्फ मात्र कामावर जातच राहिला. जेवण झालं की कोट चढवायचा, समोरच्या खोलीत खिडकीकडे तोंड करून लाकडी खुर्चीवर बसायचं आणि हवेत चाक फिरवायचं. मांडीवर जिलियनची चार वर्षांची हीदर.

"आज कुठे स्वारी?" जिलियनचा नवरा कीथ विचारायचा.

"घाटातून पलीकडे. तू बस घरी, तुला नाही झेपायचं."

रस्त्यावरून जाणारे खिडकीपाशी रेंगाळत. शेजारची डोरीन तर दारात उभी राहून म्हणाली, "काय गं, आमच्या ह्यांना क्लीनर म्हणून घेतो का तुझा सासरा? घरी बसून बसून गंज चढलाय." बाया खिदळल्या. जिलियन कॉलेजात शिकलेली. मान खाली घालून दूध आत घेताना तिला भुई ठाव देईना.

एका संध्याकाळी अंघोळ घालताना हीदरचे गाल फुटलेले दिसले. खोलीत तर उबेसाठी गॅसची शेगडी दिवसभर चालू असे. मग एकदा केसांचा गुंता सुटेना. सगळे केस मागे ओढल्यासारखे. एकदा तोंड पुसताना फडक्याला बारीक चिलटं लागली, कपाळावर चिरडलेली. एकाचा पाय अजून हलत होता.

खिडकी उघडी राहिली असेल, तिने स्वतःला सांगितलं. ती खिडकी रंगाने कधीचीच चिकटून बसली होती.

"घाटात थंडी असते," हीदर म्हणाली. "मग आजोबा मला कोटात घेतात."

कॉलेजातली मैत्रीण प्रुडन्स चहाला येणार होती त्या दुपारी आतून खुर्ची करकरत होती. "अजून जोरात, आजोबा!" हीदर ओरडत होती. जिलियनला प्रुडन्सचा चेहरा आधीच दिसला: भुवया उंचावलेल्या, डोळ्यांत कीव. तिने आत जाऊन पडदे ओढले, दार लावलं आणि मैत्रिणीला थेट स्वयंपाकघरात नेलं.

"सासरे कुठे असतात गं?"

"गावाला गेलेत," जिलियन म्हणाली. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पलीकडचं हसणं त्याच वेळी थांबलं.

प्रुडन्स जाते न जाते तोच डोरीन दारात. डोक्याला रुमाल, हातात झाकलेली बशी. "कोण गेलं गं?"

"कुणी नाही."

"मग पडदे?"

"उन्हाने सोफा विटतो."

बाहेर पाऊस भुरभुरत होता. डोरीनने आभाळाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. बशी तिच्या हातात ठेवून ती निघून गेली.

जिलियनने खोलीचं दार उघडलं.

विल्फ खुर्चीवर होता, हात चाकावर. हीदर मांडीवर होती.

खोलीत वारा नव्हता. पडद्याची झालरही हलत नव्हती.

हीदरचे केस मागे आडवे उडत होते.

तिने पडदे फाडल्यासारखे उघडले. "हीदर!" दोघांच्या पापण्या लवल्या नाहीत. तिने पोरीला काखेत धरून उचलू पाहिलं. ती जागची हलली नाही. गाल बर्फासारखे.

डॉक्टर म्हणाले, श्वास आहे, नाडी आहे. कीथने विचारलं, "पडदे कुणी ओढले?" एडिथआत्या आली. "खिडकी झाकली की त्याला परतीची वाट दिसत नाही," एवढंच म्हणाली. तिने पडदे दांडीवरून काढून त्यांची घडी घातली.

आता अख्खी गल्ली काचेला नाक लावून बघते. जिलियन कुणाला हटकत नाही.

तिचं तुमच्याकडे एकच मागणं आहे. डोंगरातल्या रस्त्यावर तुमच्या पुढे एखादी उघडी चासी दिसली, तर म्हाताऱ्याला हाक मारू नका, तो दचकेल. नुसतं बाजूने जा. त्या बाकड्याला धरायला काही नाही. हीदर जेवूनच निघाली होती, जेवल्यावर तिला झोप येते, आणि इथे खुर्चीवर सकाळपासून तिची मान कलायला लागली आहे. ती जागी आहे ना, तेवढं बघा.