साखरेच्या गालावरचा तीळ

लिफ्टचं दार बंद होता होता तो घाईने आत घुसला आणि त्याच्या हातातल्या खोक्यातून एक कोबी, दोन अंडी आणि अर्धं सफरचंद असं सगळं तिच्या पायाशी घरंगळत आलं. सगळं प्लास्टिकचं.

"पेशंटना दाखवायला लागतं," तो ओशाळून म्हणाला. या दवाखान्यातला आहारतज्ज्ञ होता तो.

"बरं झालं सांगितलंत," अंडं उचलून देत ती म्हणाली. "मी सोलायलाच घेणार होते."

तो हसला... आणि तिचा उतरायचा मजला मागे गेला.

ती चित्रकार. दवाखान्यासाठी पोषणाचे तक्ते रंगवायचं काम तिला मिळालं होतं. त्याच्याच खोलीत, खिडकीशी टेबल ओढून ती रंगवायला बसे आणि तो समजावून सांगे. प्रथिनं शरीराची झीज भरून काढतात, कर्बोदकं ताकद देतात, तंतुमय पदार्थांनी पोट साफ राहतं. पोट साफ राहण्याबद्दल इतक्या गोड आवाजात बोलणारा माणूस तिने आजवर पाहिला नव्हता.

सगळं छान चाललं होतं, आणि मग एक धावपटू मुलगी त्याच्याकडे यायला लागली. लांबसडक वेणी, डाव्या गालावर तीळ. शर्यतीआधी काय खायचं एवढंच विचारायला यायची आणि तासभर बसायची. तोही केळं खा, पाणी भरपूर प्या, असं रंगून रंगून सांगायचा. केळं खा, यात तासभर सांगण्यासारखं काय होतं? इकडे चित्रकर्तीच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

शेवटच्या तक्त्यात जादा साखरेचे धोके दाखवायचे होते. तिने साखरेची एक दुष्ट बाई काढली. हात आपोआप चालत गेला.

तक्ता वाळल्यावर तो समोर उभा राहून बराच वेळ बघत होता.

"या साखरेला वेणी आहे."

"असते एखादीला."

"आणि गालावर तीळ—"

तिचे कान तापले. आता लपवून काय उपयोग?

"तुम्ही तिच्याशी तासतासभर बोलता ते... नाही सहन होत मला."

तो मान खाली घालून म्हणाला, "तिचं काम पाच-दहा मिनिटांचंच असायचं. मीच लांबवायचो. ती आली की तुम्ही रंगवायचं सोडून माझ्याकडे बघता. एरवी कुठे बघता?"

"म्हणजे मी इथे जळत होते आणि तुला गंमत वाटत होती?"

"चुकलंच माझं." त्याने मान वर केली. "पण आत्ता तू मला 'तू' म्हणालीस."

"रागात म्हणाले."

"राग गेल्यावर परत 'तुम्ही'?"

तिने ब्रश पांढऱ्या रंगात बुडवला आणि साखरेची वेणी झाकायला घेतली. त्या बिचारीचा यात काय दोष? तो शेजारी येऊन उभा राहिला, इतका जवळ, की तिचं कोपर त्याच्या बाहीला लागलं. तिने ते काढून घेतलं नाही.

"तीळ राहिला," तो हळूच म्हणाला.

"दिसतोय मला," ती म्हणाली. "तू गप्प उभा राहा जरा."