दोन चमचे दहीसाखर

दोन चमचे दही म्हणजे खाणं झालं का?

शाल्मली मघापासून याच कोड्यापाशी अडली होती. रुग्णालयातला टिपण नावाचा यंत्रमानव तिच्या पाच वर्षांच्या भावाची, निमिषची माहिती नोंदवत होता. दहा वाजता निमिषच्या हर्नियाची शस्त्रक्रिया होती.

"रात्रीच्या जेवणानंतर यानं काही खाल्लं?" टिपणनं विचारलं.

"बिस्किटासाठी माझं डोकं खाल्लंय, तेवढंच," बाबा म्हणाले.

"डोकं. पचायला जड," टिपण म्हणाला. निमिष खुदकन हसला.

शाल्मलीला हसू आलं नाही. महत्त्वाच्या कामाला निघताना आई हातावर दहीसाखर द्यायची. आईला जाऊन वर्ष झालं होतं. बाबांना अशा गोष्टी आठवत नसत. म्हणून सकाळी आठ वाजता, बाबा कागदपत्रं शोधत असताना, तिनंच निमिषच्या तळहातावर दोन चमचे दहीसाखर ठेवली होती. ते खाणं थोडंच होतं? पण आता सांगितलं तर शस्त्रक्रिया लांबेल, बाबा रागावतील. आणि नाही सांगितलं तर?

"टिपण, उपाशी का ठेवतात रे?" तिनं हळूच विचारलं.

टिपणच्या छातीवरच्या पडद्यावर घशाचं चित्र उमटलं. "इथे दोन वाटा आहेत. अन्ननलिका (अन्न पोटात नेणारी नळी) आणि श्वासनलिका (हवा फुफ्फुसात नेणारी नळी). एखादा थेंब चुकून हवेच्या वाटेला गेला तर काय होतं?"

"ठसका लागतो."

"तो ठसका म्हणजे राखणदार. भूल दिली (औषधानं गाढ झोपवलं) की तोही झोपतो. तेव्हाच पोटातलं अन्न वर आलं, तर ते फुफ्फुसात उतरू शकतं."

"थोडंसंच असलं तरी?"

"थोडं की फार, हे झोपलेल्या राखणदाराला कुठे कळतं?"

शाल्मली उठून उभी राहिली. "बाबा, मी निमूला दहीसाखर दिली. आई द्यायची ना, तशी."

टिपणनं लगेच डॉ. पठाणना बोलावलं. त्या भूलतज्ज्ञ (भूल देणाऱ्या डॉक्टर) होत्या. सगळं ऐकून त्या शाल्मलीसमोर बसल्या.

"सांगितलंस, फार बरं केलंस. दही म्हणजे दूधच. ते पोटातून पुढे सरकायला सहा तास धरतो आम्ही. या शस्त्रक्रियेची घाई नाही. तीन वाजता करू."

"तोवर मी उपाशी?" निमिषचा चेहरा पडला.

"खायचं नाही. पण पाणी पोटात फार वेळ थांबत नाही. स्वच्छ पाणी, साखरपाणी एक तास आधीपर्यंत देतो आम्ही. लहान मुलं उगाच तहानलेली राहिली, तर मलूल होतात. मात्र वेळ आणि माप आम्हीच सांगायचं."

डॉक्टर गेल्यावर बाबांनी शाल्मलीला जवळ ओढलं.

"दही आंबट नव्हतं ना?"

"नाही. आधी चाखून पाहिलं."

"तीही चाखायची," बाबा म्हणाले.

दीड वाजता टिपणनं मोजून साखरपाणी आणलं. पहिला चमचा शाल्मलीनं निमिषच्या तळहातावर ओतला. त्यानं तो सुर्रकन ओढला.

"दही कुठंय?"

"घरी गेल्यावर."

तीन वाजता निमिष आत गेला. चार वाजून गेल्यावर त्याला बाहेर आणलं, तेव्हा तो अर्धवट झोपेत होता. मग तो चांगला खणखणीत खोकला.

"राखणदार उठला!" शाल्मली म्हणाली. बाबा दिवसभरात पहिल्यांदा हसले.

बाहेर टिपणसमोर संध्याकाळच्या शस्त्रक्रियेसाठी आलेली एक मुलगी आणि तिचे आजोबा बसले होते.

"हिनं काही खाल्लं?" टिपणनं विचारलं.

"कण नाही!"

"निघताना हातावर दहीसाखर?"

"ती दिली की. पण ते काय खाणं झालं?" आजोबा म्हणाले.

टिपणनं मान वळवून शाल्मलीकडे पाहिलं. ती त्या मुलीशेजारी जाऊन बसली.

"घशात दोन वाटा असतात," तिनं सुरुवात केली.