नव्या कीबोर्डवरची शिफ्ट

ज्याला खोटं वाटेल त्याने तळेगावला माझ्या घरी यावं. लॅपटॉप दाखवतो, हात दाखवतो. याहून जास्त पुरावा माझ्याजवळ नाही.

यंदाच्या मार्चमधला दुसरा रविवार. दुपारचे तीन. तळेगाव श्यामजी पंत, बुद्धविहारामागची आमची गल्ली.

माझा डावा हात मनगटापासून नाही. सोयाबीन काढताना मळणीयंत्रात गेला. त्यानंतर, छप्पन्नाव्या वर्षी, मी अक्षरं शिकलो. शिकवली माझ्या मुलीने, दीपमालाने. पाटीवर नाही, तिच्या लॅपटॉपवर.

त्या कीबोर्डवर ख, घ, भ अशी अक्षरं आणायची तर शिफ्टचं बटण दाबून धरावं लागतं, आणि त्याच वेळी दुसरं बटण दाबावं लागतं. माझ्या एका हाताला ते कधी जमलं नाही. म्हणून ती माझ्या डावीकडे बसायची. शिफ्ट ती दाबायची, अक्षर मी.

"बाबा, तुमी अक्षराकडं पाहा. शिफ्ट माह्याकडं."

कधी मुद्दाम दाबायची नाही. मी 'घर' लिहायला जायचो आणि 'गर' उमटायचं.

"काऊन वो मास्तरीनबाई, झोपल्या काय?" मी म्हणायचो. ती पोट धरून हसायची.

मागच्या एप्रिलमध्ये ती डेंग्यूने गेली. सहा दिवसांत. सव्वीस वर्षांची होती.

पहिल्या स्मृतिदिनी विहारात तिच्याबद्दल दोन पानं वाचायची, आणि ती स्वतः लिहायची, असं मी ठरवलं. कपाटातला लॅपटॉप काढला तर निम्मी बटणं बंद. बाजारातल्या धीरजने नवा कीबोर्ड बसवून दिला. शिफ्टची अक्षरं शिफ्टशिवायच लिहून ठेवायची, संध्याकाळी बायकोला बसवून दुरुस्त करायची, असा माझा विचार होता.

त्या रविवारी लिहायला बसलो. 'घरात' लिहायचं होतं. नुसता ग दाबला...

घ उमटला.

वाटलं, नवा कीबोर्ड बिघडलेला. 'खूप' लिहायला क दाबला...

ख.

मग 'कपडे' लिहिलं. तोच क दाबला. या वेळी मात्र क आला.

सोमवारी दुकानात गेलो. धीरजने कीबोर्ड उघडला, आतली पट्टी काढून परत बसवली. बाहेरचा दुसरा कीबोर्ड जोडून पाहिला. सगळं नीट.

"शिफ्ट अटकली असती तं सारीच अक्षरं बदलली असती, काका. तुमच्या मनातलं त्याले कसं समजन?"

मी हसलो. घरी येऊन पुन्हा बसलो.

टक... टक.

मी एकच बटण दाबलं होतं. आवाज दोन आले.

मान खाली घालून बघत राहिलो. बोट ग वर नेलं, पण दाबलं नाही.

डावीकडचं शिफ्टचं बटण... हळूच खाली गेलं.

खालीच राहिलं. मी अक्षर दाबण्याची वाट बघत असल्यासारखं.

मी झाकण धाडकन बंद केलं. खोलीत मी एकटा होतो.

दुसऱ्या दिवशी धीरजला एवढंच म्हणालो, "आपोआप दाबलं जाते रे. बंद कर हे." त्याने माझ्या हाताकडे पाहिलं.

"पयलेच सांगाचं ना, काका. एक सेटिंग करून देतो. शिफ्ट दाबून सोडून द्याची, मंग अक्षर दाबाचं. एका हातानं होते. आता कोनाची गरज नाई तुमाले."

खरंच जमलं. चार दिवसांत दोन्ही पानं लिहून झाली. शिफ्टचं बटण पुन्हा एकदाही आपोआप हललं नाही.

विहारात वाचलं. बाया रडल्या. घरी आल्यावर मला राहवलं नाही. कमलाबाईला, माझ्या बायकोला, सगळं सांगितलं.

ती म्हणाली, "लेकरू मदत करून राह्यलं होतं... अन् तुमी भेलात?"

पोटच्या पोरीला घाबरलो होतो मी.

त्याच दिवशी धीरजकडून ती सेटिंग काढून घेतली. तेव्हापासून रोज दुपारी तीनला बसतो. ग दाबतो.

ग च येतो.

ती रागावली आहे, की जिथे जायचं तिथे निघून गेली, हे मला कळत नाही. पहिल्यांदा तिथे कोण होतं, हेही मी शपथेवर सांगू शकत नाही. हे सगळं मी मोबाईलवर लिहिलं आहे. तिथे प्रत्येक अक्षराला आपलं बटण असतं.

काल कमलाबाई चहा घेऊन आली. माझ्या डावीकडे टेकली. शिफ्टवर बोट ठेवून म्हणाली, "मी दाबू काय?"

"नोको," मी म्हणालो. "तिले वाटन, तिच्या जागी आपन दुसरं कोनी बसवलं."

तिने बोट उचललं. मग उठून दुसऱ्या बाजूला येऊन बसली.